कंगव्याची हवा

काल दुकानाचं शटर ओढून घेत होतो, तर घशात काहीतरी कडवट येऊन बसलं. आधी वाटलं, मघाचा चहा जळका होता. मग कळलं, हळद. कुठल्या तरी शिवारात कुकर लागलाय. शिजत्या हळदीचा वास नाकाला नंतर कळतो, घशाला आधी. ओली माती, धूर आणि लहानपणी तापात आई पाजायची तो काढा, असं सगळं एकाच वाफेत येतं. आखाडा बाळापुरात उतरणाऱ्या माणसांच्या कपड्यांना, एस.टी.च्या सीटांना, बाजारातल्या नोटांना सुद्धा मग महिना-दीड महिना तो वास राहतो. इतरांना त्या वासानं हळदीचा भाव आठवतो, पोरीचं लग्न आठवतं. मला कंगवा आठवतो.

आता मला कंगवा आठवावा हे जरा विचित्रच. माझ्या डोक्यावर विंचरण्यासारखं काही राहून आता बराच काळ लोटला. कानांच्या वर थोडी झालर आहे, तिला हातानं थोपटलं तरी ती बसते. तरी त्या एका हंगामात माझ्या शर्टाच्या, पँटीच्या, गाडीच्या डिकीच्या प्रत्येक खिशात कंगवे होते. हिरवे, गुलाबी, दातांत दात अडकलेले. आणि त्याच हंगामात मी आमच्या भागातला सगळ्यात मोठा राजकीय जाणकार होतो. कुणी नेमलं नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानात बसलेल्या माणसाला नेमावं लागत नाही. जगाचे कागद माझ्या काचेवर पालथे पडतात, त्यामुळे जगाच्या पोटातलं आपल्याला कळतं, असा माझा समज. कागद पालथे असतात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

जिल्हा परिषदेची निवडणूक आणि हळदीची काढणी त्या वर्षी एकाच वेळी आली. आमचा गट महिलांसाठी राखीव निघाला होता. मग दोन्ही जुन्या पक्षांनी आपापल्या पुढाऱ्यांच्या बायका उभ्या केल्या. फलकावर नवऱ्याचा फोटो परातीएवढा आणि उमेदवार बाईचा वाटीएवढा. एका फलकावर तर नवऱ्याचे जोडलेले हात बाईच्या तोंडावर आले होते. आणि तिसरीकडून एक पक्ष आला, ज्याचं नाव म्हणता म्हणता अर्ध्यात दम लागायचा. म्हणून सगळे त्याला 'तिसरे' म्हणत, आणि जुने दोघे आपोआप 'पहिले' आणि 'दुसरे' झाले. निशाणी कंगवा. उमेदवार शिवकांता.

शिवकांता माझं जुनं गिऱ्हाईक. ओढ्यापलीकडच्या वाडीवर अंगणवाडी सेविका होती. वाडी आणि शाळा यांच्या मध्ये ओढा, ओढ्यावर पूल नाही. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीची लेकरं शाळेत जात नाहीत, आणि शाळेला त्याचं काही वाटत नाही. पुलाच्या अर्जाच्या झेरॉक्स ती माझ्याकडे काढायची. वर्षानुवर्षं तोच अर्ज, फक्त वरच्या साहेबाचं नाव बदलायचं. मी एकदा म्हटलं, "बाई, नावाची जागा कोरी ठेवून एकदाच गठ्ठा काढून घ्या. स्वस्त पडंल." ती हसली नव्हती. पुढच्या वेळी मात्र तिनं खरंच गठ्ठा काढून नेला.

तिनं दोन्ही जुन्यांकडे तिकीट मागितलं, दोघांनी चहा पाजला. मग तिसरे आले. उभं राहायचं तर सेविकेचं काम सोडावं लागतं. तिनं सोडलं. राजीनाम्याची झेरॉक्स सुद्धा माझ्याच मशीनवर निघाली. मशीन त्या दिवशी कागद अडकवत होतं, दोनदा झाकण उघडून ओढून काढावा लागला. मी त्यात काही अर्थ पाहिला नाही. शकुन पाहणारा माणूस मी नव्हे, मी आकड्यांचा माणूस.

तो सगळा हंगाम संशयाचा होता. इतका संशय मी आमच्या भागात कधी पाहिला नाही. तिसऱ्यांचे कंगवे पोत्यानं आले, तर पहिला प्रश्न, पोती कुणी पाठवली? पहिल्यांचे लोक म्हणायचे, दुसऱ्यांनी, आमची मतं खायला. दुसऱ्यांचे लोक म्हणायचे, पहिल्यांनी, आमची मतं खायला. तिसऱ्यांची जीप गेली की हॉटेलातली माणसं तिच्या धुराकडे बघायची, जणू डिझेल कुणाचं आहे हे धुरात लिहिलंय. कुणी एखाद्या सभेत पुढं बसलं तर, याला पुढं कुणी बसवलं? मागं बसलं तर, हा मागून कुणावर नजर ठेवून राहिला? आणि घरी बसलं तर, याचं काय जमलं?

घरी माझीही सुटका नव्हती. माझी बायको सुमन कपडे धुवायला काढताना खिसे चाचपते. तिसऱ्या दिवशी तिनं दारात मला कंगवा दाखवला. गुलाबी.

"हे काय हाय?"

"कंगवा."

"ते मला बी दिसून राहिलंय. टकल्या मानसाला कंगवा कोनी दिला?"

"पक्षाचा हाय गं."

"पक्षाच्या मानसाला तुमचं डोकं दिसलं न्हाई?"

मी सांगितलं की त्यांनी सगळ्यांनाच वाटले. तिनं तो कंगवा देवळीत ठेवून दिला, आणि मग रोज संध्याकाळी माझे खिसे ती स्वतःच रिकामे करू लागली. देवळीत कंगव्यांची रास वाढत गेली आणि तिच्या कपाळावरची आठी सुद्धा.

आता तिसऱ्यांची खरंच हवा आहे का, हे कुणीतरी शास्त्रशुद्ध पद्धतीनं शोधून काढायला हवं होतं. माझ्याशिवाय कोण होतं? मी ठरवलं, गटात गावोगाव फिरायचं. पण गावात जाऊन विचारलं तर माणूस आधी तुमच्या खांद्यावरून मागं बघतो, कोण ऐकतंय का. खरं बोलतो तो शेतात, हात कामात असताना. आणि हळदीच्या दिवसांत शेतात माणसं एका ठिकाणी सापडतात ती कुकरजवळ. लोखंडी टाकी, तिच्याखाली जाळ, बाजूला ड्रम, ड्रमांत हळद. पाइपातून वाफ सुटते, ड्रमाचं झाकण उघडलं की पिवळ्या ढगात माणूस दिसेनासा होतो. मग ताडपत्रीवर ढीग पडतो, बाया तो पसरतात. ती वाफ डांबरी रस्त्यावरून लांबून दिसते. माझी पद्धत सोपी होती. जिकडे वाफ दिसेल तिकडे गाडी वळवायची.

पहिल्या शिवारात गेलो तेव्हाचं अजून डोळ्यासमोर आहे. म्हणजे डोळ्यासमोर फार काही नव्हतंच, कारण गाडीवरून उतरताच चष्म्यावर वाफ बसली. समोर नुसत्या आकृत्या. साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला फडकं गुंडाळलेलं, मधून फक्त डोळे. हात कोपरापर्यंत पिवळे.

"कोनाची हवा हाय बायांनो?" मी विचारलं.

वाफेतून आवाज आला, "कुकरची."

सगळ्या हसल्या.

"तसं न्हाई. विलेक्शनची इचारून राहिलो."

"मंग कंगव्याची."

"काहून?"

"काहून म्हंजे? केसं हायेत म्हून. तुला न्हाई समजायचं ते, बाबा."

पुन्हा हशा. मी पण हसलो. जाणकार माणसानं मतदारात मिसळलं पाहिजे. मानेवरचा रुमाल काढून चष्मा पुसला, रुमाल बाभळीच्या फांदीवर टाकला, खिशातल्या डायरीत मनातल्या मनात नोंद केली (डायरी घरी विसरलो होतो) आणि निघालो. रुमालही विसरलो. लाल चौकड्याचा चांगला रुमाल, सुमननं कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची गाठ घातलेला, हरवू नये म्हणून.

मग दुसरं गाव, तिसरं गाव. कधी कॅनॉलच्या अंगाला, कधी माळाच्या खाली. प्रत्येक ठिकाणी काळाठिक्कर कुकर, पिवळे हात, गुंडाळलेली तोंडं आणि उत्तर एकच. कंगवा. गावं वेगळी, शिवारं वेगळी, मालक वेगळे, तरी एकमत! एका ठिकाणी तर मी "काहून?" विचारायच्या आत आवाज आला, "केसं हायेत म्हून." माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, लाट किती खोल गेलीय बघा, विनोद सुद्धा गावोगाव सारखा झालाय.

आता हे वाचताना तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघताय ती मला कळतेय. थोडा दम धरा.

दुकानात मी जाहीर करून टाकलं. झेरॉक्सला आलेला माणूस आधारकार्डासोबत माझा अंदाज घेऊन जाऊ लागला. "भास्करभाऊ स्वतः फिरून आलेत" असं लोक म्हणू लागले, आणि दोन दिवसांत तेच वाक्य मोबाइलवर फिरून माझ्याकडेच परत आलं, पण त्यात माझं नाव नव्हतं. 'एका जाणकाराच्या पाहणीनुसार' असं होतं. मी स्वतःच ते वाचून प्रभावित झालो. म्हटलं, बघा, आणखी एक माणूस तेच सांगतोय. आपलं निदान बराबर हाय.

आणि हवा खरंच दिसायला लागली. कालपर्यंत पहिल्यांच्या जीपमध्ये बसणारी पोरं वरच्या खिशातून कंगव्याचे दात बाहेर दिसतील असे फिरू लागली. हॉटेलवाल्यानं गल्ल्यावर कंगवा ठेवला. शिवकांता गावात शिरली की आधी दारं लोटून घेणाऱ्या बाया आता उंबऱ्यावर येऊन तिला कुंकू लावू लागल्या. आणि जसजशी हवा वाढली तसतसा संशयही वाढला. हवा आहे तर ती कुणीतरी सोडली असणार. जुन्या दोघांचे कार्यकर्ते आळीपाळीनं माझ्याकडे यायचे, एकही कागद न आणता झेरॉक्सच्या मशीनशी उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, "खरं सांगा भाऊ, तिसऱ्याच्या मागं कोन हाय?" मी भुवया उडवायचो. मला काहीही माहीत नव्हतं. पण भुवया उडवल्या की माणसाला माहीत असल्यासारखं दिसतं.

असंच एका दुपारी शिवकांता दुकानात आली. पायात मातीनं भरलेल्या चपला, आवाज बसलेला. सोबतच्या बायांना तिनं बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबवलं.

"भाऊ, एक इचारायचं हाय. पर गंमत करू नका."

"बोला."

"त्या पहिल्यायचा मानूस आला होता. म्हनतो, बाई, तुमी एक पत्रक काढा, आमाला पाठिंबा द्या, आन् बसून घ्या. पूल आमी करून देऊ. निवडून आलो की पहिलं काम तुमच्या वढ्यावर."

"मंग?"

"मंग काय. पुलासाठीच तर निघाले मी. पूल असाच भेटत असंल तर काहून भांडायचं?" तिनं पदरानं मान पुसली. "आन् दुसरं मन म्हनतं, हे लोक आजपातूर का न्हाई आले? मी निवडूनच येत असंल तर त्यायच्या दारी काहून जाऊ? तुमी गावोगाव फिरून आलात. मला खरं सांगा. हवा खरी हाय का?"

मला तिचा तो प्रश्न आठवतो तेव्हा आधी तिच्या चपला आठवतात. वाडीपासून सगळा गट पायी हिंडलेल्या चपला. आणि त्यांच्यासमोर मी, पंख्याखाली, फिरत्या खुर्चीत.

"खरी म्हंजे?" मी म्हटलं. "एका बी कुकरवर दुसरं नाव न्हाई निघालं. लिहून देऊ का? स्टँपपेपर इथंच हाय."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "मंग न्हाई बसत मी." आणि गेली. संध्याकाळपर्यंत बातमी आली की पहिल्यांच्या माणसाला तिनं वाडीच्या पारावर, चारचौघांत, नाही म्हणून सांगितलं. पारावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुकानात एकट्यानं वाजवल्या.

मतदानाला थोडेच दिवस उरले होते. मी शेवटचा फेरफटका मारायला निघालो, नुसता आनंद म्हणून. गटाच्या पार दुसऱ्या टोकाच्या गावी वाफ दिसली, गाडी वळवली. ह्या वेळी वारा उलटा होता, वाफ पलीकडं जात होती आणि चष्मा स्वच्छ राहिला. ताडपत्रीवर हळद पसरणाऱ्या बाईच्या तोंडाला लाल चौकड्याचा रुमाल होता. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची गाठ.

माझ्या मनात पहिली शंका आली ती चोरीची. त्या हंगामाची हवाच तशी होती.

"मावशी, हा रुमाल कुठला?"

"तुझाच हाय की."

"माझा रुमाल तर पार तिकडं राहिला होता, पहिल्या गावाला. इथं कसा आला?"

"आमच्यासंगं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मावशीनं रुमाल खाली ओढला. गोदामावशी, कुकरच्या टोळीची मुकादम. कुकर ज्या शेतात जाईल त्या शेतात ही टोळी जाते. हळद मालकाची, जाळ मालकाचा, पण शिजवणारे हात तेच. आमच्या भागात तसंच चालतं, हे मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या शेतात दर वर्षी तसंच चालतं! पण मालक म्हणून आपण कुकरकडे बघतो, हळदीकडे बघतो, हातांकडे कुठं बघतो?

"म्हंजे... सगळ्या गावांत तुमीच होता?"

"मंग कोन? तू रोज येऊन तेच इचारायचास. आमी बी रोज तेच सांगायचो. काहून बदलावं?"

"मावशी, म्या सगळीकडं सांगून बसलो की सगळ्या गावांची मतं हायेत!"

"आमी कवा म्हनलं सगळ्या गावांची हायेत? तू इचारलंस, आमी सांगितलं. तुला तोंडं मोजायची होती तर फडकी सोडायला सांगायचं व्हतंस."

बाकीच्या बाया ताडपत्रीवर बसून पोट धरून हसत होत्या. एक म्हणाली, "मावशे, त्याला उद्या काय सांगायचं ते आजच इचारून घे." टाकीच्या पलीकडून जब्बारभाई आला, हात पुसत. कुकर त्याचाच. बाळापुरात त्याचं वेल्डिंगचं दुकान, त्याच्या आज्यापासूनचं. टाकी, ड्रम, पाइप सगळं त्यानंच जोडलेलं. एरवी तो ट्रॅक्टरनं कुकर लावून निघून जायचा, त्या दिवशी झडप गळत होती म्हणून थांबला होता.

"अरे भास्करभाई, मला पोरी सांगायच्या, एक टकला मानूस रोज येतो म्हून. मला वाटलं, कोनी व्यापारी असंल, हळद हेरून राहिला. ते तुमी व्हय?"

"जब्बारभाई, ह्या भागात कुकर किती हायेत?"

"बाकीचे तिकडं वसमतच्या बाजूला गेले ना. इकडं सध्या एकच. आपला."

परत येताना मी गाडी हळू चालवली. हसू येत होतं हे खरं. पण एक साधी गोष्ट राहून राहून टोचत होती. शिवकांतानं पूल नाकारला होता तो माझ्या सांगण्यावर, आणि माझं सांगणं म्हणजे सात-आठ बायांची थट्टा. ती सुद्धा खरी की खोटी? त्या मत तरी कंगव्याला देणार होत्या का? विचारायला हवं होतं. पण आता कोणत्या तोंडानं?

तसाच वाडीवर गेलो. शिवकांता ओढ्यात होती. ओढा कोरडा, दगडांवर उभं राहून ती दहा-वीस बायांशी बोलत होती. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. रुमाल, टोळी, कुकर. माझी अपेक्षा होती की ती चिडेल, निदान मला नावं ठेवील. तिनं डोळे बारीक केले.

"तुमाला कोन भेटलं, भाऊ?"

"म्हंजे?"

"मी बसावं असं पहिल्यायला वाटून राहिलंय. पारावर न्हाई म्हनले तवापासून निरोपावर निरोप येऊन राहिले. आन् आज तुमी येऊन सांगता, हवा खोटी हाय. कवापर्यंत खरी होती? परवापातूर ना?"

"शिवकांता, मी देवाशपथ सांगतो..."

"कोनत्या देवाच्या?" तिनं विचारलं. "निवडनुकीत सगळे औंढ्याच्या नागनाथाची शपथ घेऊन राहिले. तेबी कंटाळला असंल." मग मागं वळून बायांना म्हणाली, "चला गं." जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसत नसते मी. सांगा त्यायला."

'त्यायला' म्हणजे ज्यांनी मला पाठवलं त्यांना. मला कुणीही पाठवलं नव्हतं. पण त्या ओढ्यात उभा राहून मी स्वतःलाच तपासलं, खरंच कुणी पाठवलं नाही ना आपल्याला? संशय असा असतो. तो दुसऱ्याच्या डोळ्यांत दिसला की आपण आपलेच खिसे चाचपतो.

दुकानात तर याहून गंमत झाली. मी सांगायला लागलो की माझी पाहणी चुकली, तर माणसं समजूतदारपणे मान हलवायची. "असू द्या भाऊ. पोचलं असंल पाकीट." खोटं सांगत होतो तेव्हा मी जाणकार होतो. खरं सांगायला लागलो त्या दिवशी विकला गेलो. पहिल्यांच्या माणसानं येऊन माझा हात दाबला, "चांगलं काम करून राहिलात." दुसऱ्यांच्या माणसानं येऊन विचारलं, त्यांनी काय दिलं, आपण त्याहून जास्त बघू. घरी सुमननं खिसे उलटे केले. पाकीट शोधत होती. सापडले दोन कंगवे.

"म्हंजे तिसऱ्यांनी बी दिलं न्हाई अन् पहिल्यांनी बी न्हाई?"

"न्हाई."

"एवढं नाव खराब करून घेतलं, अन् फुकट?"

तिच्या आवाजात पहिल्यांदाच संशय नव्हता. नुसती कीव होती. मला संशय परवडला असता.

निकाल लागला. पहिल्यांची बाई निवडून आली. शिवकांता दुसरी आली. दुसरे तिसरे झाले आणि त्यांच्या कार्यालयावरचा मांडव संध्याकाळच्या आत उतरला. म्हणजे हवा होती. नव्हती असं नाही. पण ती आधीपासून होती, की मी सांगितली म्हणून आली, की मी नंतर खोटी आहे म्हणालो आणि लोकांना वाटलं की ज्याअर्थी भास्करला विकत घेतलं त्याअर्थी ती खरीच असली पाहिजे? हे मला आजवर उमगलेलं नाही. लोकांना मात्र लगेच उमगलं. पहिल्यांचे म्हणाले, तिसरे दुसऱ्यांचे होते. दुसरे म्हणाले, तिसरे पहिल्यांचे होते. तिसऱ्यांचं कार्यालय एका रात्रीत रिकामं झालं. जीप कुणाची होती ते कळलं नाही. पोती कुणाची होती तेही नाही. कंगवे मात्र अजून घरोघर आहेत आणि चांगले टिकलेत.

ओढ्यावर पुढच्या वर्षी नारळ फुटला. दोन खांब उभे राहिले. त्यांच्यावर स्लॅब नाही, वरून गज निघालेत, त्यांवर बगळे बसतात. पावसाळ्यात खांबांना पाणी वळसा घालतं आणि पूर्वीपेक्षा जास्त आवाज करतं. शिवकांता बसली असती तर पूल झाला असता का? मला वाटतं, झाला नसता. तेव्हाही खांबच झाले असते. पण असं वाटणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून मला त्याचाही संशय येतो.

आज सकाळी कुकर माझ्या शेतात लागला. कालचा वास म्हणजे शेजारच्या शिवाराचा होता, तिथून रात्रीतून तो इकडं आला. मी चहा घेऊन गेलो. ड्रमाचं झाकण उघडलं, वाफ आली, चष्मा गेला. समोर त्याच आकृत्या, तेच शर्ट, तीच गुंडाळलेली तोंडं. ह्या खेपेला मी शहाण्यासारखा चष्मा पुसला आणि आधी म्हणालो, "मायबायांनो, फडकी सोडा. चेहरे बघू द्या. मंग चहा."

हसत हसत फडकी सुटली. गोदामावशी. तिच्या दोन सुना. आणि त्यांच्या शेजारी, कोपरापर्यंत पिवळी, शिवकांता. वाडीवर दुसरी सेविका लागली, तेव्हापासून हंगामात ती टोळीबरोबर असते हे मी ऐकून होतो. पण ऐकणं वेगळं आणि तिच्या हातात आपल्या शेतातला चहाचा कप देणं वेगळं. कपाच्या कानाला हळदीचं बोट उमटलं.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. लेकरू बारावीला आहे म्हणाली. मग कप खाली ठेवून, अगदी साध्या आवाजात, जणू आज माल किती निघंल असं विचारावं तसं तिनं विचारलं.

"भाऊ, आता सांगा. तवा तुमाला वढ्यावर कोनी पाठवलं होतं?"

"कोनीच न्हाई, शिवकांता."

त्याच वेळी दुसऱ्या ड्रमाचं झाकण उघडलं, चष्म्यावर पुन्हा वाफ आली. मी घाईघाईनं पुसला, तोवर तिनं तोंडाला फडकं बांधून घेतलं होतं. फक्त डोळे दिसत होते, आणि नुसत्या डोळ्यांवरून काही ओळखता येत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

"बरं," ती म्हणाली.

त्या 'बरं'ला मी सकाळपासून उलटंपालटं करून बघतोय. विश्वास बसला असं ते होतं, की सोडून दिलं असं, की ठेवा तुमच्यापाशीच असं? मी विषय बदलायला म्हणून विचारलं, "पुढच्या खेपेला उभी ऱ्हातीस का?"

ती फावडं घेऊन ताडपत्रीकडे निघाली होती. वळली.

"आधी तुमी गावोगाव इचारून या," ती म्हणाली. "आमी हावोतच तिथं."

फडक्यांच्या आड सगळ्या हसल्या. कोण थट्टेनं हसलं आणि कोण दुसऱ्या कशानं, ते कळायला मार्ग नव्हता. मी गाडीकडे निघालो, तर मागून गोदामावशीची हाक आली.

"ए बाबा, रुमाल ठिवून जा की. वाफ लई हाय आज."

मी मानेवरचा रुमाल काढला आणि ह्या वेळी न विसरता बाभळीवर ठेवला.